‘कॉस्टेनचे लक्षणसंकुल’ आणि हनुसंधीतील दुर्मिळ अर्बुद

१९३४ साली सेंट लुईस येथील कर्णवैद्य जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांच्या आधारे एक निबंध प्रसिद्ध केला. कान दडणे, कानात नाद होणे, घेरी, कानापुढील ठणका अशा विखुरलेल्या तक्रारींचे मूळ त्यांनी एकाच ठिकाणी, म्हणजे हनुसंधीत (कानापुढील जबड्याच्या सांध्यात) शोधले. दाढा गेल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि त्याचा माथा मागे सरकून मज्जातंतूंवर व कर्णनलिकेवर दाब आणतो, ही त्यांची उपपत्ती. हॅरी सिचर यांनी १९४८ मध्ये शरीररचनेच्या आधारे तिचे खंडन केले. उपपत्ती गेली, नाव मात्र वैद्यकाच्या व्यवहारात दीर्घकाळ टिकले.

त्याच सुमारास अस्थिरोगांच्या क्षेत्रात वेगळेच नामकरण चालू होते. अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३१ मध्ये दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी होणाऱ्या काही गाठी महापेशी-अर्बुदाचाच एक प्रकार म्हणून वर्णिल्या होत्या. जाफी व लिक्टेन्स्टाइन यांनी १९४२ मध्ये त्या स्वतंत्र ठरविल्या व त्यांना ‘कॉन्ड्रोब्लास्टोमा’ ही संज्ञा दिली. हे कूर्चापेशींचे अर्बुद बहुधा तरुणांच्या लांब हाडांच्या टोकांशी आढळते. कवटीत ते क्वचितच होते, आणि झालेच तर मुख्यतः शंखास्थीत. हनुसंधीची खोबण ही शंखास्थीचाच भाग होय. साहजिकच तेथील अर्बुदाने कानापुढे दुखते, ऐकू कमी येते, कानात नाद होतो, तोंड उघडताना अडखळते. कॉस्टेनची यादी यापेक्षा फारशी निराळी नव्हती!

घोटाळ्याचे बीज येथे, संज्ञांच्या जातिभेदात आहे. ‘लक्षणसंकुल’ हे तक्रारींचे नाव, तर ‘अर्बुद’ हे पेशीसमूहाचे. पहिले लागू पडल्याने दुसरे निषिद्ध ठरत नाही. परंतु नाव मिळाले की शोध थांबतो. मग दातांवर पट्टी बसविली जाते आणि हाड आतून झिजत राहते. साध्या क्ष-किरण चित्रात कवटीची हाडे एकमेकांवर पडत असल्याने दोष उमगणेही कठीण होते. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचे संगणकीय छेदचित्र घेतले गेल्यावर ती अडचण पुढे ओसरली. तरीही वाढती सूज, एकाच कानाचे बहिरेपण, हनुवटीची बधिरता किंवा बदलत जाणारा दातांचा मेळ यांकडे कोणी पाहिले नाही, तर छेदचित्र काढण्याचे सुचणार कसे?

हनुसंधीविकारांचे १९९२ चे संशोधन-निकष स्नायू, चकती व सांधेदुखी या नेहमीच्या प्रकारांपुरते होते. २०१४ च्या विस्तारित वर्गीकरणात मात्र ‘अर्बुद’ ही सांध्याच्या रोगांतच एक स्वतंत्र नोंद म्हणून आली.