रजा आणि रुजू : स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्यकाळाचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास लिहिणारांची लेखणी बहुधा शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी थांबते. कोणी, कोठे, कोणत्या साली कोणती शस्त्रक्रिया प्रथम केली याची नोंद झाली, की इतिहास पुरा झाला असे मानण्याची रीत आहे. रुग्ण पुढे किती दिवसांनी उठून बसला, त्याने पहिला घास केव्हा घेतला आणि तो आपल्या कामावर केव्हा परतला, हे प्रश्न त्या इतिहासात गौण ठरतात. वजन कमी करण्याकरिता जठर व आतडे यांवर होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या बाबतीत मात्र ही रीत विशेष अपुरी पडते. येथे शस्त्रक्रिया हा उपचाराचा आरंभ असून त्याचा खरा भाग रुग्णाच्या ताटात व त्याच्या दिनक्रमात घडतो. प्रस्तुत निबंधात या पथ्यकाळाचा, आणि विशेषतः कामावर परतण्याच्या प्रश्नाचा, इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे.

आरंभी दोन शब्दांचा विचार करणे उपयुक्त होईल. मराठी कचेरीच्या भाषेतील 'रजा' हा शब्द अरबी 'रिज़ा' या शब्दापासून, फारसीच्या द्वारे, आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमती. 'रुजू' हाही मूळचा अरबीच. 'रुजूअ' म्हणजे परत येणे. तेव्हा रजा घेणे म्हणजे दुसऱ्याच्या संमतीने दूर होणे आणि रुजू होणे म्हणजे परतणे, असा या जोडीचा व्युत्पत्त्यर्थ होय. व्युत्पत्तीवरून आजचा व्यवहार सिद्ध होत नाही, हे भाषेच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. तथापि या शब्दांनी एक प्रश्न नेमका पुढे ठेवला आहे : आजारातून उठलेल्या माणसाच्या परतण्याचा दिवस कोणाच्या संमतीने ठरतो? आणि तो ठरविताना कोणते माप वापरले जाते?

१

स्थूलत्वाचा कार्यक्षमतेशी असलेला संबंध आपल्या जुन्या वैद्यकास अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ निंदित शरीरप्रकार सांगितले असून त्यांत अतिस्थूल व अतिकृश यांचा विस्ताराने विचार केला आहे. अतिस्थूलाच्या आठ दोषांत आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, अतिक्षुधा यांच्याबरोबर 'जवोपरोध', म्हणजे हालचालीच्या वेगास होणारा अडथळा, हाही गणला आहे. 'निंदित' हे विशेषण मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. रोगाचे वर्णन आणि शरीराची निंदा यांची जी सरमिसळ येथे दिसते, ती विसाव्या शतकापर्यंत, किंबहुना त्यानंतरही, सुटलेली नाही.

याच संहितेतील दुसरी कल्पना आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. वमन-विरेचनादी शोधनानंतर रुग्णास एकदम नेहमीचे अन्न देऊ नये. प्रथम पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस अशा क्रमाने त्यास पूर्ववत आहारावर आणावे, असे सिद्धिस्थानात सांगितले आहे. या पद्धतीस संसर्जनक्रम असे नाव आहे. 'पथ्य' हा शब्द 'पथिन्' म्हणजे मार्ग यावरून सिद्ध झाला आहे. मार्गास अनुकूल ते पथ्य. पथ्य हा एक मार्ग असून त्यास टप्पे असतात, हे संसर्जनक्रमाच्या या मांडणीत स्पष्ट दिसते. आधुनिक शस्त्रक्रियेनंतरचा आहारक्रम या परंपरेतून निघाला, असा दावा करणे चुकीचे होईल. त्या दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. टप्प्यांची कल्पना मात्र दोन्हीकडे आहे, आणि पुढील विवेचनात तिचाच उपयोग होणार आहे.

२

वजन घटविण्यासाठी आतड्यावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रयत्न १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी १९५२ मध्ये लहान आतड्याचा भाग काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी लहान आतड्याच्या निरनिराळ्या भागांचे पोषणातील कार्य तपासणारे प्रयोग प्रसिद्ध केले. अन्नास आतड्याच्या मोठ्या भागाला वळसा घालावयास लावले, तर शोषण घटून वजन उतरेल, हे या शस्त्रक्रियांमागील तत्त्व होते. लॉस एंजेलिस येथील पेन, डीविंड व कॉमन्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत लहान आतड्याचा वरचा भाग थेट मोठ्या आतड्यास जोडला होता.

वजन उतरले, परंतु रुग्ण बरे झाले असे म्हणता येईना. अनावर अतिसार व क्षारांचे असंतुलन यांमुळे ही जोडणी उलटवावी लागली. त्यानंतर प्रचारात आलेल्या सौम्य पद्धतीतही मूतखडे, सांध्यांचे विकार, जीवनसत्त्वांची उणीव आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होणे, असे परिणाम वर्षानुवर्षे दिसत राहिले. येथे इतिहासकाराने एक गोष्ट टिपली पाहिजे. जखम भरली होती, टाके निघाले होते, शल्यविशारदाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी होती. आणि तरीही रुग्णाचा पथ्यकाळ संपला नव्हता. जखम भरणे व बरे होणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत, हा धडा या पहिल्या पर्वाने फार महाग किंमत देऊन दिला.

दुसऱ्या पर्वाचा आरंभ आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्यापासून होतो. पोटातील व्रणामुळे जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुढे वाढत नाही, हे ध्यानी घेऊन त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह जठराचा लहानसा वरचा कप्पा करून तो आतड्यास जोडण्याची पद्धत १९६६ मध्ये वापरली व १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीत शोषणापेक्षा खाण्याच्या प्रमाणावर अधिक भर होता. साहजिकच उपचाराचा भार आतड्यावरून काही अंशी रुग्णाच्या सवयीवर आला. घास किती, तो किती चावावयाचा, पाणी केव्हा प्यावयाचे, हे सर्व त्यास नव्याने शिकावे लागले. गोड पदार्थ भरभर खाल्ल्यास घाम, धडधड, मळमळ व ग्लानी येण्याचा जो प्रकार जठराच्या जुन्या शस्त्रक्रियांपासून ठाऊक होता, तो येथेही रुग्णाच्या वाट्यास आला.

३

याच सुमारास पथ्यकाळाविषयीची वैद्यकाची समजूतही पालटत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास दीर्घकाळ खाटेवर पडून ठेवणे हीच काळजी मानली जाई. डेट्रॉइट येथील डॅनियल लाइटहाउझर यांनी लवकर उठून चालण्याचा पुरस्कार केला व १९४६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे कोपनहेगन येथील हेन्रिक केलेट यांनी १९९७ मध्ये वेदनाशमन, लवकर आहार व लवकर चालणे यांची एकत्रित योजना मांडली. स्थूल रुग्णांच्या पायांतील शिरांत रक्त गोठण्याचा धोका अधिक असल्यामुळे लवकर चालविणे त्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे ठरले.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने या क्रमास गती दिली. विटग्रोव्ह व क्लार्क यांनी १९९४ मध्ये मेसन यांच्या धर्तीची शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे केल्याचे प्रसिद्ध केले. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील निन्ह न्युयेन व त्यांचे सहकारी यांनी १५५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून दोन्ही पद्धतींची तुलना केली व ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात इतर मापांबरोबर कामावर परतण्याचे दिवसही मोजले होते : पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सरासरी सुमारे ४६ दिवस, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ३२. रुग्णाचे रुजू होणे हे येथे शस्त्रक्रियेच्या यशाचे एक माप बनले.

ही प्रगती निःसंशय मोलाची होय. परंतु तिच्यामुळे एक नवा गैरसमजही बळावला. छेद लहान झाला, रुग्णालयातील दिवस कमी झाले, म्हणून पथ्यकाळही तितकाच लहान झाला असे मानले जाऊ लागले. वस्तुतः आहाराचा क्रम छेदाच्या लांबीवर अवलंबून नाही. प्रथम पातळ द्रव, मग दाट द्रव, मग घोटलेले अन्न, मग मऊ अन्न आणि साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनंतर नेहमीचे घन अन्न, हा क्रम दोन्ही पद्धतींत जवळपास सारखाच राहतो. दिवसाला किमान सुमारे ६० ग्रॅम प्रथिने आणि घोटघोट करून दीड लिटर द्रव पोटात जावे लागतात. जेवताना पाणी पिता येत नाही, व जेवणानंतरही सुमारे अर्धा तास थांबावे लागते. जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांची जोड जन्मभर घ्यावी लागते. आपल्याकडील आजाऱ्याच्या अन्नाचे शब्द, म्हणजे पेज, कढण, मऊ भात, हे या टप्प्यांस सहज लागू पडतात. फक्त केवळ पेजेवर व मऊ भातावर प्रथिनांची गरज भागत नाही, एवढा इशारा त्यांस जोडावयास हवा.

आता हा क्रम कचेरीच्या किंवा कारखान्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावा. बत्तिसाव्या दिवशी रुजू झालेला मनुष्य त्या वेळी बहुधा मऊ अन्नाच्या टप्प्यावर असतो. त्यास दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावयाचे असते आणि मधली सुट्टी एकच असते. पाण्याचा पेला हाताशी लागतो. पण यंत्रावर, वर्गात किंवा बसच्या वाहकपदावर तो हाताशी नसतो. वजन झपाट्याने उतरत असल्यामुळे थकवा असतो, तीन ते सहा महिन्यांत केस गळू लागतात. जड ओझे उचलणे काही आठवडे वर्ज्य असते. बाह्यतः तो बरा दिसतो, आणि बरा दिसणे हीच त्याची अडचण असते.

४

या अडचणीचे सर्वांत विश्वसनीय चित्र स्वीडनमधून मिळते. १९८७ मध्ये लार्स श्योस्ट्रम यांच्या नेतृत्वाखाली तेथे स्थूल व्यक्तींच्या दीर्घकालीन अभ्यासास प्रारंभ झाला. शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे मृत्युप्रमाण कमी असल्याचा त्याचा २००७ मधील निष्कर्ष सर्वश्रुत आहे. त्यामानाने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला, आजारपणाच्या रजा व अपंगत्ववेतन यांविषयीचा निष्कर्ष कमी वाचला जातो. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या रजा पहिल्या वर्षी तुलनेच्या गटापेक्षा अधिक भरल्या. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी त्या कमी झाल्या. म्हणजे पहिल्या वर्षीची रजा ही पुढील वर्षांच्या कार्यक्षमतेची आगाऊ किंमत होती. पहिल्या वर्षाचाच हिशेब करणाऱ्या मालकास ती नुकसानी वाटेल. तीन वर्षांचा हिशेब करणाऱ्यास तसे वाटणार नाही. याच देशात १९९० पासून आजारपणाची रजा पाव, अर्धी, पाऊण किंवा पूर्ण अशी घेता येऊ लागली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे.

आपल्या नियमांची घडण वेगळी आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखालील योजनेत आजारपणाचा लाभ पुढे वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू लागला, ही कामगारांच्या इतिहासातील मोठी घटना होय. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांनी वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजेचे परावर्तित रजेत रूपांतर करण्याची सोय ठेवली, आणि अशा रजेवरून परतताना कामास योग्य असल्याचा दाखला आवश्यक केला. या दाखल्याची भाषा पाहावी : मनुष्य एका दिवशी अयोग्य असतो व दुसऱ्या दिवशी योग्य होतो. दोहोंमध्ये पायरी नाही. ब्रिटनमध्ये २०१० पासून दाखल्याचे स्वरूप पालटून त्यात 'काही सोयी केल्यास कामास योग्य' असा नवा पर्याय घालण्यात आला. कमी तास, बदललेले काम, टप्प्याटप्प्याने परतणे या सोयी तेथे नमूद करता येऊ लागल्या.

शस्त्रक्रियेच्या खर्चाकडे मात्र आपल्याकडेही लक्ष गेले. २०१९ मध्ये भारतीय विमा नियामकाने, बॉडी मास इंडेक्स (म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा अधिक असून गंभीर सहव्याधी असल्यास, काही अटींवर ही शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येणार नाही अशी व्यवस्था केली. हे आकडे १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरविलेल्या परिषदेचे होत. २०२२ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते खाली आणले व आशियाई लोकांकरिता २७.५ पासून विचार व्हावा असे सुचविले. कोणावर शस्त्रक्रिया करावी याविषयीचे माप असे तीस वर्षांत बदलत गेले. शस्त्रक्रियेनंतर माणसाने कामावर कसे परतावे याविषयीचे माप मात्र जखमेशीच बांधलेले राहिले.

यामागे केवळ नियमांचे जडत्व नाही. स्थूलत्व हा दोष मानावा की व्याधी, हा चरकसंहितेतील 'निंदित' शब्दापासून चालत आलेला प्रश्न आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९७६ च्या कायद्यात वजनावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. डेन्मार्कमधील बिलुंड नगरपालिकेने कामावरून कमी केलेल्या एका बालसंगोपकाच्या प्रकरणी युरोपीय संघाच्या न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी असा निर्णय दिला, की स्थूलत्व हे स्वतः भेदभावाविरुद्ध संरक्षणाचे कारण नसले, तरी त्यामुळे कामात दीर्घकाळ अडथळा येत असेल तर ते अपंगत्व ठरू शकते. ज्या व्याधीकडे व्यक्तीचा प्रमाद म्हणून पाहिले जाते, तिच्यासाठी रजा मागणारास संमतीपूर्वी सहानुभूती मिळत नाही. रजेच्या अर्जावर सही होते ती या दृष्टीच्या छायेत.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा. या शस्त्रक्रियेच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात छेद लहान होत गेला, रुग्णालयातील मुक्काम घटत गेला. मात्र शिकण्याचा काळ, म्हणजे पथ्याचा काळ, तसाच राहिला. पथ्य टप्प्यांनी चालते आणि आपली रजा एकाच उडीत संपते, ही विसंगती हाच या विषयाचा गाभा आहे. ती दूर करण्यास फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. मधल्या सुट्टीचे विभाजन, हाताशी पाणी, पहिले काही आठवडे कमी तास व हलके काम, तपासण्यांकरिता अधूनमधून अर्ध्या दिवसाची रजा, एवढ्याने पुष्कळ साधते. गेल्या दोन दशकांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत या शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. तेथील रुग्णांना दिलेली मराठी आहारपत्रके, त्यांचे रजेचे अर्ज व रुजू-अहवाल, ही सर्व इतिहासाची साधने आहेत, आणि ती रद्दीत जाण्यापूर्वी जमविणे हे विद्यापीठांतील अभ्यासकांचे काम आहे. त्या कागदांवरूनच कळेल, की कामावर परतलेला मनुष्य हजेरीपटात केव्हा परतला, आणि आपल्या शक्तीनिशी केव्हा.