शुगर, शिफ्ट आणि कँटीन : एपिसोडचं लेखी रूप

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जिथं लांबलं तिथं कापलंय. वऱ्हाडी मात्र तशीच ठेवलीय.

आजचा विषय शुगर. डॉक्टर मधुमेह म्हणतात, पण परतवाड्यात "त्याले शुगर आहे" एवढंच म्हणतात. आणि बरेचदा पुढचं वाक्य असतं, "पण ऑफिसात सांगू नको." काहून? शुगर ही ज्याची त्याची खासगी भानगड, कंपनीचा काय संबंध, असं आपण धरून चाललोय. इतिहास जरा वेगळं सांगतो.

इन्सुलिन सापडलं 1921 मध्ये, कॅनडातल्या टोरांटोत. जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या पोराला ते पहिल्यांदा दिलं. त्याआधी ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, अशा पेशंटनं कामावर परत जाण्याचा प्रश्नच नव्हता, तो फार दिवस जगतच नव्हता. औषध आलं, माणूस जगला, म्हणजे तो आता कामावरही जाणार. डबा कधी खायचा, इंजेक्शन कुठं घ्यायचं, चक्कर आली तर बाजूच्या माणसानं काय करायचं, हे प्रश्न तिथून सुरू झाले. 1934 मध्ये लंडनला डॉ. आर. डी. लॉरेन्स आणि लेखक एच. जी. वेल्स यांनी मधुमेहींची संघटना काढली. दोघांनाही शुगर होती, आणि दोघांनीही ती लपवली नाही.

आता आपल्याकडं या. 1970 च्या दशकात आयसीएमआरनं देशातल्या काही शहरांत आणि आसपासच्या खेड्यांत पाहणी केली, त्यात पुणंही होतं. शहरात साधारण 100 पैकी 2 मोठ्या माणसांना शुगर निघाली, खेड्यात त्याहून कमी. म्हणून "श्रीमंतायचा आजार" ही समजूत टिकली.

मग 2002-03 च्या सुमारास एक मोठं काम झालं, आणि माझ्या मते ते शाळेत शिकवायला पाहिजे. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकारानं देशातल्या 10 ठिकाणच्या उद्योगांमधले कर्मचारी आणि त्यांच्या घरचे लोक तपासले. या 10 मध्ये आपलं नागपूर होतं. शुगर निघाली सुमारे 10 टक्के लोकांना. म्हणजे साहेब आणि कामगार एकाच वहीत.

पण खरी गंमत पुढं आहे. अशा काही उद्योगांत त्यांनी जवळपास 4 वर्षं प्रयोग चालवला. पोस्टर लावले, व्हिडिओ दाखवले, ज्यांना धोका जास्त त्यांना बसवून समजावलं. एवढ्यावर थांबले असते तर मी हा एपिसोड केला नसता. ते कँटीनमध्ये घुसले! मीठ कमी, फळं-भाज्या जास्त. आवारात तंबाखूवर लगाम. शेवटी पुन्हा मोजलं, तर वजन, कंबर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि रक्तातली साखर यांचं चित्र तुलनेसाठी ठेवलेल्या ठिकाणापेक्षा चांगलं होतं. आमच्या कोडच्या भाषेत सांगायचं तर युजरला दोष देत बसले नाहीत, डिफॉल्ट सेटिंग बदलली.

आणि ही सेटिंग बदलायची सोय कायद्यात आधीपासून होती, बरं का! 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 46 : 250 पेक्षा जास्त कामगार असतील तिथं सरकार 2025 पर्यंत कँटीन सक्तीचं करू शकत होतं, आणि कँटीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घ्यायची तरतूद त्याच कलमात होती. भज्यांसोबत फुटाणे का नाहीत, हे कामगार बैठकीत विचारू शकत होता.

आता आपल्या पोट्ट्यांचा आवडता डायलॉग : "मी तं सडपातळ आहो, मले काय होते?" पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी, पण चरबी मात्र त्या मानानं राखून. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3. चरबी? युडकिनच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. वजनकाटा दोघांना सारखंच समजतो. म्हणून कंपनीच्या वार्षिक तपासणीचा पीडीएफ न उघडता डिलीट करू नका. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी. 5.7 ते 6.4 म्हणजे धोक्याची पायरी, 6.5 किंवा वर म्हणजे डॉक्टरकडं जाऊन पक्कं करून घ्यायचं.

आणि ज्याला शुगर आहे हे माहीत आहे, त्याच्या बाजूला बसणाऱ्यासाठी : गोळ्या-इन्सुलिनवरच्या माणसाला घाम सुटला, हात थरथरले, तो असंबद्ध बोलायला लागला तर साखर खाली गेलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

हे सगळं मोठ्या उद्योगांचं झालं. आपल्या गावात काय? अचलपूरची फिनले मिल 2020 च्या लॉकडाउनपासून बंद पडली. ईएसआय असो की कंपनीचा विमा, तो नोकरीला बांधलेला, शुगर मात्र नोकरी गेल्यावरही राहते. आणि सागवानाच्या डेपोवर, आरा मशीनवर, जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला तर कलम 46 कधी लागलंच नाही, कारण तिथं 250 माणसं नसतातच. त्याचं कँटीन म्हणजे कोपऱ्यावरची टपरी, तीन चमचे साखरेचा चहा, तोही उधारीवर.

त्याच्यासाठी एक गोष्ट चालू आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत, आणि 30 वर्षांवरच्यांची शुगर-बीपी तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात होते. अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय परतवाड्याहून लांब नाही. बाबांची सुट्टीची वेळ विचारा, आणि सकाळी उपाशीपोटी गाडीवर मागं बसवून घेऊन जा.