थंडी आणि अग्निबाण

इ. स. १९८६ च्या जानेवारीच्या २८ तारखेस अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत कडाक्याची थंडी पडली होती. केनेडी अंतराळ केंद्राच्या उड्डाणमंचावर रात्रभरांत बर्फाच्या कांड्या लोंबूं लागल्या होत्या. अशा हवेंत 'चॅलेंजर' हें यान सात अंतराळवीरांना घेऊन उडालें, आणि ७३ सेकंदांत त्याचे तुकडे झाले. सातहि जण प्राणांस मुकले.

ज्या अग्निबाणाच्या पोटांत वणवा पेटावयाचा, त्यास थंडीची भीति कसली, असें कोणासहि वाटेल. परंतु खरें भय सांध्यांचें होतें. यानास जोडलेले घनइंधनाचे दोन अग्निबाण उड्डाणकेंद्रावर तुकडे जोडून उभे करीत. त्या सांध्यांत पाव इंचाहून थोडीं जाड अशीं रबराचीं दोन दोन कडीं बसविलेलीं असत. इंधन पेटतांच आंतील दाबानें पोलादी कवच किंचित् फुगे व सांधा किंचित् उघडे. त्याच क्षणीं दबलेल्या रबरानें उसळून ती फट बुजवावी, अशी योजना होती. गारठ्यानें रबराची ही चपळाई जाते, आणि येथें तर सेकंदाच्या अंशाचा हिशेब होता. उजव्या अग्निबाणाच्या खालच्या सांध्यांतून उड्डाणाच्या आरंभींच काळा धूर निघाला. पुढें तेथूनच ज्वाळा बाहेर पडली.

हा धोका कोणास ठाऊक नव्हता काय? होता. १९८५ च्या जानेवारींतील एका उड्डाणांत सांध्याचें उष्णमान सुमारें ५३ अंश फॅरनहाइट होतें. त्या अग्निबाणांच्या कड्यांमध्यें पुढें काजळी सांपडली. म्हणूनच २७ जानेवारीच्या रात्रीं अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे रॉजर बॉइजोली प्रभृति एंजिनियर टेलिफोनवरून बजावीत होते, कीं ५३ अंशांच्या खालीं उड्डाण करूं नये. 'नासा'च्या अधिकाऱ्यांस हा सल्ला रुचला नाहीं, आणि कंपनीच्या व्यवस्थापकांनीं तो फिरविला. उड्डाण निर्धोक आहे हें सिद्ध व्हावयाचें, त्याऐवजीं तें धोक्याचें आहे याचाच पुरावा मागण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं हवेचें उष्णमान अवघें ३६ अंश होतें.

११ फेब्रुवारी १९८६ रोजीं चौकशी मंडळाच्या बैठकींत पदार्थविज्ञानवेत्ते रिचर्ड फाइनमन यांनीं त्याच रबराचा तुकडा चिमट्यांत आवळून बर्फाच्या पाण्यांत बुडविला व थोड्या वेळानें सोडला. तो लगेच पूर्ववत् झाला नाहीं. पेलाभर पाण्यानें अनर्थाचें मूळ सर्वांस दाखविलें. पुढें सांध्याची रचना बदलली, तिसरें कडें आलें, सांधे उबदार ठेवण्याची सोय झाली, आणि २९ सप्टेंबर १९८८ रोजीं उड्डाणें पुन्हां सुरू झालीं. रबराचा दोष असा दुरुस्त झाला. परंतु जाणत्यांचा इशारा वेळेवर मानला असता, तर सात घरांचे दिवे त्या सकाळीं विझते ना.