११ मे : सदाशिव अमरापूरकर यांचा जन्मदिन

अहमदनगरचे सदाशिव अमरापूरकर यांचा जन्म १९५०चा. रंगभूमीवर घडलेल्या या नटाला 'हँड्स अप' नाटकात पाहून दिग्दर्शक गोविंद निहलानींनी 'अर्धसत्य' या हिंदी चित्रपटात (१९८३) रामा शेट्टी या गुंडाची भूमिका दिली. पडद्यावर तो थोडाच वेळ दिसतो, पण आवाज न चढवता, थंड नजरेने साऱ्या चित्रपटावर दहशत ठेवतो. या भूमिकेला सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले; 'सडक' चित्रपटातल्या महाराणीच्या भूमिकेला खलनायकाचे. हिंदीने त्यांना बहुतेक वेळा खलनायकीतच अडकवले, ही खंत राहतेच. दूरदर्शनच्या 'भारत एक खोज'मध्ये मात्र त्यांनी महात्मा फुले साकारले. सामाजिक चळवळींशीही त्यांचे नाते जिव्हाळ्याचे होते. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.