सापडलेला हंडा कोणाचा?

'गुप्तधन' हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे लहानथोर सारेच कान टवकारतात. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतील हंडा दिसतो, त्या हंड्यावर नाग बसलेला असतो, तो बोली मागतो, अशा समजुती खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. आणि त्यांत हिंदू-मुसलमान असा भेद मुळीच नाही. या वेडापायी माणसांचे जीवही गेले. म्हणूनच २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करताना गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा त्यात वेगळा उल्लेख करावा लागला.

आता अंजनाची जागा यंत्राने घेतली आहे. मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात जे घडले ते पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. एका हिंदी चित्रपटात मोगलांच्या खजिन्याचे दृश्य दाखविले गेले, त्याच सुमारास रस्त्याच्या कामातील माती शेतात पडली, आणि तीत सोन्याची नाणी असल्याची आवई उठली. शेकडो माणसे रात्री बॅटऱ्या, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते उकरू लागली. बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारूकी सुलतानांची राजधानी आणि पुढे मोगलांचे टांकसाळीचे शहर. तेथे जुने नाणे निघावे यात नवल नाही. पण जमीन कोणाची आणि निघालेले नाणे कोणाचे, हा प्रश्न त्या गर्दीत फारसा कोणाला पडलेला दिसला नाही. या प्रश्नाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावा या हेतूने हा लेख लिहीत आहे.

पूर्वी बँका नव्हत्या. लष्कर चालून आले, दुष्काळ पडला, गाव सोडावे लागले की माणूस आपली पुंजी मडक्यात घालून चुलीखाली वा भिंतीत पुरून ठेवी. परत आला तर काढून घेई. जे परत आले नाहीत त्यांचे धन आजवर जमिनीत राहिले. तेव्हा प्रत्येक हंड्यामागे घरी न परतलेला एखादा माणूस असण्याचा संभव फार, ही गोष्ट हंड्याची स्वप्ने पाहणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येते.

असे धन सापडले तर वाटणी कशी करावी, याचा विचार जुन्या राज्यकर्त्यांनी केलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधीची खबर देणाऱ्यास सहावा हिस्सा आणि तो चाकर असेल तर बारावा हिस्सा सांगितला आहे. एक लाखावरील निधी मात्र राजाचा. रोमचा बादशहा हेड्रियन याने दुसऱ्याच्या जमिनीत सापडलेल्या धनाचे दोन सारखे भाग केले, एक शोधणाऱ्याचा आणि एक जमीनमालकाचा. जमीन सार्वजनिक असेल तर मालकाचा अर्धा भाग सरकारजमा होई. इस्लामी फिकहमध्ये या बाबतीत एक सूक्ष्म भेद आढळतो. इस्लामपूर्व काळातील पुरलेले धन ते 'रिकाज'. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे खुम्स, बैतुलमालचा. मात्र जी वस्तू कोणा मालकाची हरवलेली दिसते ती 'लुकता'. ती सापडल्याचे वर्षभर जाहीर करीत राहावे, मालक शोधावा, असा दंडक आहे. तपशिलात इमामांचे मतभेद आहेत आणि तो विषय उलेमांचा. परंतु 'सापडले म्हणजे गुपचूप आपले झाले' असे यांपैकी कोणीही म्हटलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या देशात या विषयावर स्वतंत्र कायदा झाला तो १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना. त्याचे नाव भारतीय निखात निधी कायदा. परकीय सरकारचे कायदे म्हटले की आपण सहसा दंड आणि जप्ती यांचीच कल्पना करतो. हा कायदा वाचला तर थोडे आश्चर्य वाटते. जमिनीत किंवा तिला जोडलेल्या कशातही दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे 'निधी' अशी त्यात व्याख्या आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर शोधणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे: काय सापडले, किती, कोठे आणि कोणत्या तारखेस. वस्तू जवळच्या सरकारी खजिन्यात ठेवायची किंवा ती हजर करण्याबद्दल जामीन द्यायचा. मग कलेक्टर जाहीर नोटीस काढतो आणि हक्क सांगणाऱ्यांस बोलावतो. सुनावणीचा दिवस नोटिशीनंतर चार महिन्यांच्या आत नसावा आणि सहा महिन्यांच्या पुढे नसावा.

गेल्या शंभर वर्षांत अमुक माणसाने हे धन पुरले होते असे सिद्ध झाले, तर ते त्याच्या वारसांकडे जाऊ शकते. आजोबांनी वाड्याच्या भिंतीत ठेवलेली पुरचुंडी नातवाची ती अशी. कोणीच मालक ठरला नाही तर निधी बेवारस ठरतो. जमीनमालकानेही हक्क सांगितला नाही तर सारा निधी शोधणाऱ्याला मिळतो. मालकाने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. शेतावर राबणाऱ्या मजुराला तीन हिस्से आणि जमीनदाराला एक, असे लिहिणारा कायदा त्या काळात विरळाच म्हणावा लागेल. निधी संग्रहालयासाठी हवा असेल तर सरकार तो घेऊ शकते, पण त्यातील धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन. जो मुद्दाम कळवीत नाही त्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. यात मदत करणारा जमीनमालकही सुटत नाही. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा कायम राहिला.

या कायद्यात मेटल डिटेक्टरचे नाव असणे शक्यच नव्हते, कारण यंत्र तीन वर्षांनी जन्मले. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विजेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र तयार केले. धातू जवळ आला की त्यातून आवाज येई. गोळी काही सापडली नाही. बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात हेच तत्त्व सुरुंग शोधण्याच्या कामी आले, आणि युद्धानंतर ही यंत्रे हौशी माणसांच्या हाती गेली. इंग्लंडात हा छंद एवढा वाढला की रोमन काळातील देवळांच्या जागा रातोरात उकरल्या जाऊ लागल्या. १९७९ च्या कायद्याने तेथे संरक्षित स्थळी परवानगीवाचून हे यंत्र वापरणे हाच गुन्हा ठरला. खाजगी शेतात मालकाची संमती हवी. १९९६ च्या कायद्याने निधी सापडल्यावर चौदा दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळविण्याचे बंधन घातले. संग्रहालयाने तो घेतला तर शोधणाऱ्यास व जमीनमालकास बाजारभावाने बक्षीस मिळते.

त्याच्याही आधीची, १९९२ ची, एक हकिगत मला फार आवडते. सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. शेत परगण्याच्या कौन्सिलच्या मालकीचे, म्हणजे सार्वजनिक. त्याचा मित्र एरिक लॉज मेटल डिटेक्टर घेऊन हातोडा शोधू लागला, तो सोन्याचांदीची नाणी वर आली. लॉजने थोडे उकरून हात आवरला आणि कळविले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन पद्धतशीर खोदले. रोमन काळातील चौदा हजारांहून अधिक नाणी निघाली. पेटी कशी होती, दागिने कोणत्या क्रमाने ठेवले होते, हेही कळले. लॉजला साडेसतरा लाख पौंड मिळाले आणि त्यातला वाटा त्याने शेतकऱ्याला दिला. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे! याउलट २०१५ मध्ये हर्फर्डशायर परगण्यात दोघांनी सापडलेला निधी दडवून नाणी चोरून विकली. सुमारे तीनशे नाण्यांपैकी तीसएकच हाती लागली, आणि २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले.

स्वीडनमध्ये नियम याहून कडक आहे. तेथे प्रांताच्या प्रशासनाची परवानगी घेतल्याखेरीज कोणालाही मेटल डिटेक्टर फिरवता येत नाही. त्यांच्या गोटलंड बेटावर १६ जुलै १९९९ रोजी, निधीचोरीवरील दूरदर्शन कार्यक्रमाच्या निमित्ताने आलेल्या तज्ज्ञांनाच एका शेतात सदुसष्ट किलो चांदी सापडली. तीत १४,२९५ नाणी होती, आणि त्यांतील बहुतेक सारी दिरहम! बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळचे हे चलन व्यापाऱ्यांच्या हातून रशियाच्या नद्यांवरून बाल्टिक समुद्रापर्यंत पोहोचले होते. त्यांतील एका नाण्यावर कूफी लिपीत 'मूसा रसूलुल्लाह' अशी अक्षरे आहेत. हिजरी २२३ च्या सुमारास खझर लोकांच्या राज्यात ते पाडले गेले. त्या राज्यकर्त्यांनी यहुदी धर्म स्वीकारल्याचा हा नाण्याचा पुरावा. शेतमालकाला वीस लाखांहून अधिक क्रोनर बक्षीस मिळाले. ही चांदी कोणी चोरून मुशीत घातली असती तर तिचा भाव आला असता, पण ते एक नाणे गेले असते.

परदेशाची उदाहरणे पुरेत. आपल्याकडेही अशीच आहेत. १९०६ साली नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नाणी क्षत्रप नहपानाची, परंतु त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा मारलेला! नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे लिहिले होतेच. ते दोघे समकालीन होते याची पक्की साक्ष या हंड्याने दिली. आज आपण शाळेत जो धडा शिकवितो त्यामागे हे हजारो पुरावे आहेत. शंभर-दोनशे नाणी असती तर असा निष्कर्ष इतक्या ठामपणे निघाला असता की नाही, याची शंकाच आहे.

राजस्थानात भरतपूर संस्थानातील बयाना येथे १९४६ मध्ये मुलांना तांब्याच्या भांड्यात गुप्त सम्राटांची सुमारे एकवीसशे सोन्याची नाणी सापडली. बातमी वर पोहोचेपर्यंत २८५ नाणी वितळविली गेली होती, १८२१ वाचली. आपल्या कोल्हापूर भागात जन्मलेले डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९५४ मध्ये त्यांची सूची प्रसिद्ध केली. त्यांत दुसऱ्या चंद्रगुप्ताचे 'चक्रविक्रम' प्रकारचे अवघे एक नाणे आहे. वितळलेल्या २८५ नाण्यांत असे आणखी कोणते एकुलते एक नाणे होते, हे आता कधीच कळणार नाही.

नगर जिल्ह्यातील दायमाबादचे उदाहरण याहून निराळे आहे. १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला तेथे काशाच्या चार भव्य मूर्ती सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, एकूण वजन साठ किलोंहून अधिक. मूर्ती वाचल्या हे भाग्य. परंतु त्या उत्खननात, ठरावीक थरात सापडल्या नाहीत. पुढे १९७६ ते १९७९ या काळात तेथे पद्धतशीर उत्खनन झाले, तरी मूर्ती नेमक्या कोणत्या काळच्या याविषयी विद्वानांचा वाद मिटलेला नाही. उत्तर हडप्पा काळच्या म्हणणारे आहेत, धातूतील आर्सेनिकवरून शंका घेणारेही आहेत. वस्तू हाती आली तरी तिच्या भोवतालची माती बोलली नाही तर अर्धी माहिती जाते, ती अशी.

बहमनी सुलतानांविषयी आपण मुख्यतः फिरिश्ता याचा इतिहास वाचतो. तो विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता. १३७८ ते १३९७ या काळात राज्य केलेल्या सुलतानाचे नाव त्याने महमूद असे दिले आहे. त्या सुलतानाची नाणी मात्र स्पष्टपणे मुहम्मद म्हणतात. एवढा मोठा इतिहासकार, आणि त्याची चूक दाखविली ती जमिनीतून निघालेल्या नाण्यांनी. दख्खनच्या सुलतानांची तांब्याची नाणी आपल्या भागात नांगराच्या फाळाला आजही लागतात. इतिहासाच्या तासाला एखादा विद्यार्थी असे नाणे दप्तरातून काढतो तेव्हा वर्गात पहिला प्रश्न येतो, "सर, याचे किती येतील?" पालकांचाही तोच. मला मात्र वाटते की अरबी अक्षरे व अंक ओळखणारी आपली मुले त्यावरचे सुलतानाचे नाव आणि हिजरी सन स्वतः वाचू शकतात. ही सोय पुष्कळांना नाही.

आता परवानगीविषयी. किल्ले, लेणी, जुन्या मशिदी, मकबरे यांपैकी जी स्थळे केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित आहेत, तेथे परवान्याखेरीज कुदळ मारता येत नाही, मग हातात मेटल डिटेक्टर असो वा नसो. संरक्षित नसलेल्या जागीही पुरातत्त्वीय उत्खननास सरकारची मान्यता लागते. गायरान, वनखात्याची जमीन, नदीपात्र ही 'कोणाचीच नाही' अशी आपली एक समजूत असते. ती सरकारची असते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठविता येत नाही.

विहीर खणताना, पाया काढताना, नांगरताना काही लागले तर खणणे थांबवावे, जागेवर खूण करावी आणि तलाठी वा तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना साध्या कागदावर लिहून कळवावे. अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवावी. नाणी मोजून ठेवावीत, वाटून टाकू नयेत. चिंच, राख वा लिंबू लावून ती घासू नयेत, कारण मळाबरोबर अक्षरेही जातात. आणि ज्या मडक्यात ती होती त्याच्या खापऱ्यासुद्धा फेकू नयेत. मडके कोणत्या काळचे हे जाणकार त्या खापऱ्यांवरून सांगतात.