अहिल्याबाईंचा रुपया, शाह आलमचं नाव

नाशिक जिल्ह्यात जुन्या घरांमध्ये दादी-नानीच्या पेटीतून कधीकधी एखादा जाड, वेडावाकडा चांदीचा रुपया निघतो. अक्षरं उर्दूसारखी दिसतात म्हणून घरातले म्हणतात, "मुगलांचा सिक्का आहे." मग शेजारीच बेलाचं पान दिसतं आणि गोंधळ उडतो. सराफाकडे नेला तर तो वजन करून चांदीच्या भावात घेणार आणि रुपया थेट मुशीत जाणार. म्हणून आधी तो वाचायचा कसा, ते आम्ही इथे देत आहोत.

अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 राज्य केलं. त्यांच्या इंदूरच्या टांकसाळीचं, म्हणजे मल्हारनगरचं, नाणं पाहिलं तर मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलम दुसऱ्याचं आणि खूण शिवलिंग व बेलपत्राची. अहिल्याबाईंचं स्वतःचं नाव मात्र कुठेच नाही. त्या काळी बाजारात बादशहाच्या नावाचा रुपया चालायचा. व्यापारी तोच ओळखायचा, म्हणून मराठे सरदारही तोच पाडत.

आपल्या जिल्ह्यात होळकरांची टांकसाळ चांदवडला होती. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे गाव आणि तिथला रंगमहाल सगळ्यांना माहीत आहे, टांकसाळ फार थोड्यांना. तिच्या नाण्यांवर गावाचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर' असं येतं. 'चांदोरी रुपया' तो हाच.

ही नाणी यंत्राची नव्हेत. साधारण 11 ग्रॅम चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे मजकूर कधीच पूर्ण उमटत नाही. गावाचं नाव अर्धं कापलेलं दिसलं तर नाणं खोटं आहे असं समजू नका. 'जर्ब' हा शब्द शोधा. त्याचा अर्थच घाव, आणि आपल्या मराठीतली 'जरब' याच घरातली. टांकसाळीचं नाव त्याला लागूनच असतं. 'जुलूस' दिसला तर ती मिरवणूक नव्हे, बादशहा तख्तावर बसल्यापासूनचं वर्ष. हिजरी साल 1181 ते 1210 च्या दरम्यान असेल तर काळ अहिल्याबाईंचा. नुसत्या बेलपत्रावर जाऊ नका, त्यांच्यानंतरही तशी नाणी पडत राहिली.

रझिया सुलतानचं (1236-1240) उदाहरण वेगळं आहे. ती स्वतः तख्तावर होती, तरी तिच्या चांदीच्या टंक्यावर वडील इल्तुतमिश आणि बगदादचे खलिफा अल-मुस्तन्सिर यांची नावं आहेत. खुतबा आणि सिक्का ही राज्याची दोन निशाणं. बाईने राज्य केलं तरी सिक्क्यावर नाव कोणाचं, हा प्रश्न दोघींपुढे होता.

रुपया चिंचेने किंवा राखेने घासू नका, अक्षरं जातात. बारीक ठोकलेल्या खुणा असतील तर त्या सराफांच्या पारखीच्या, त्याने नाणं खराब ठरत नाही. हमेलीसाठी कडी डकवली असेल तर ती उपटू नका. अंजनेरीला, त्र्यंबक रस्त्यावर, नाण्यांचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा, तिथे बघून डोळा तयार होतो.

घराचा पाया खणताना नाणी सापडली तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं आखातातल्या भावाला भेट म्हणून सामानात टाकू नका. 1972 च्या कायद्याने ते देशाबाहेर नेता येत नाही.