घरबसल्या कामाचा पत्ता

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणजे उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. पुढे ‘लिज्जत’ या नावाने घराघरांत पोचलेला उद्योग तो हाच. ही गोष्ट आपण यशोगाथा म्हणून ऐकत आलोय. मला मात्र त्यातली कामाची रीत जास्त महत्त्वाची वाटते. काम वाढलं तसं बायका मळलेलं पीठ घरी नेऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, वजन करायचं, लाटण्याची मजुरी घ्यायची. पीठ कुणी दिलं आणि पापड कुठे जाणार, हे बाईला ठाऊक असायचं. शिवाय ती तिथे नोकर नव्हती, भागीदार होती.

लालबाग-परळच्या चाळींत घरबसल्या कामाची दुसरी तऱ्हा होती, खाणावळीची. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार पाळीप्रमाणे एकाच खोलीत झोपायचे आणि शेजारच्या एखाद्या वहिनींकडे जेवायचे. हिशोब महिन्याचा. गिरणीचा पगार झाला की खाणावळीचे पैसे. तोवर किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजाने. या बायकांना संघटित करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि महिन्याच्या हिशोबातली जोखीम कुणाच्या डोक्यावर असते हे उघड झालं.

तरीही तो हिशोब इतकी वर्षं चालला, कारण जेवणारा माणूस ओळखीचा होता. त्याचं गाव माहीत, खातं माहीत, तो कुणाच्या ओळखीने आला तेही माहीत. महिनाभर थांबायची सवय आपल्या घरांत अशी रुजली.

आजचे भामटे नेमकी हीच सवय वापरतात, फक्त ओळख वजा करून.

माझा आतेभाऊ अमेरिकेत एमएस करतो. मध्यंतरी त्याला मेसेज आला: घरबसल्या काम, पद ‘पार्सल तपासनीस’. घरी पार्सलं येतील, उघडून वस्तू ठीक आहे का बघायची, फोटो काढायचा, नवं लेबल चिकटवून पुढे पाठवायची. पगार महिन्याच्या शेवटी. त्याने फॅमिली ग्रुपवर विचारलं, “दादा, करू का?” आत्या म्हणाली, “मुलगा चार पैसे कमावतोय तर बिघडलं काय?” मी नको म्हटलं, आणि का नको ते माझ्या धंद्याच्या भाषेत समजावलं.

सर्व्हरला आपला खरा पत्ता कळू नये म्हणून आपण मध्ये प्रॉक्सी ठेवतो. या धंद्यात प्रॉक्सी म्हणजे जिवंत माणूस. चोर दुसऱ्याच्या क्रेडिट कार्डवर फोन, लॅपटॉप, महागडे बूट मागवतो. दुकानं परदेशातल्या संशयास्पद पत्त्यावर माल पाठवत नाहीत, म्हणून त्याला त्याच देशातला एक स्वच्छ पत्ता लागतो. माल तिथे येतो आणि तिथून पुढे निघून जातो. कार्डाचा मालक तक्रार करतो तेव्हा माग येऊन थांबतो तो आपल्या पोराच्या दारात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा टोळ्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांना आढळलं की असा माणूस साधारण महिनाभर वापरला जातो आणि पगाराची तारीख आली की सोडून दिला जातो. विद्यार्थी व्हिसावर असं काम करणं हा वर आणखी एक धोका.

पत्त्याची किंमत आपल्या लक्षातच येत नाही. सहा आकडी पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो रचला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. गिरगाव ४००००४, परळ ४०००१२, दादर ४०००१४. पत्र योग्य दारात पडावं एवढाच त्यामागचा हेतू होता. पण जो आकडा पत्र दारापर्यंत आणतो, तोच पोलिसांनाही आणतो.

“पण मला माहीतच नव्हतं” हे उत्तर किती महाग पडतं, ते मुंबईच्या एका तरुण जोडप्याने भोगलंय. जुलै २०१९ मध्ये एका नातेवाईक बाईने त्यांना स्वतःच्या खर्चाने कतारला फिरायला पाठवलं आणि सोबत एक पाकीट दिलं. जर्दा आहे, असं सांगून. दोहाच्या विमानतळावर त्यात चार किलोहून जास्त चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगी तुरुंगातच जन्मली. इथे मुंबईत अमली पदार्थ विरोधी यंत्रणेने तपास केला, त्यांना फसवल्याचं समोर आलं, तेव्हा कुठे २०२१ मध्ये ती सुटून घरी आली. आपल्याकडचा १९८५ चा अमली पदार्थांचा कायदाही आधी असंच धरून चालतो की माल ज्याच्याकडे सापडला त्याला तो ठाऊक होता. नव्हता, हे त्यानेच सिद्ध करायचं.

तेव्हा घरात कुणाला असं काम आलं, तर गिरगावच्या गच्चीवरचे प्रश्न विचारा. माल कुणाचा? जाणार कुठे? मजुरी कधी? पार्सलवर नाव तिसऱ्याचं आणि पत्ता आपला असेल तर ते घेऊच नका. घेतलं गेलंच असेल तर पुढे पाठवू नका. लेबलचे, मेसेजचे फोटो ठेवा आणि कुरिअरवाल्यांना, पोलिसांना कळवा. भारतात सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. अमेरिकेत टपाल खात्याचीच तपास यंत्रणा आहे. ‘जॉइनिंग’च्या नावाखाली आधार, पासपोर्ट, खात्याचे तपशील दिले असतील तर त्याच दिवशी बँकेला सांगा.

आणि जो फसलाय त्याच्यावर ओरडू नका. आई, मावशी, धाकटा भाऊ, कुणीही असो. ओरडा बसेल या भीतीने माणूस गप्प राहतो आणि तेवढ्यात आणखी दोन पार्सलं पुढे जातात. आतेभावाने ग्रुपवर आधी विचारलं म्हणून तो वाचला. चाळीत हे काम गॅलरी करायची. नवा माणूस दिसला की चार दारांतून विचारणा व्हायची, “काय हो, कुणाकडे?” आता दारं बंद असतात, म्हणून तेवढं आपण एकमेकांना फोनवर विचारायचं.